बंद संगणकांचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या हायस्कुलांना ई-कचरा हा विषय नवा राहिलेला नाही. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात घनकचऱ्याच्या प्रकारांत तो येतो आणि विज्ञान प्रदर्शनांत त्याचे तक्ते लागतात. माहिती पोचली आहे. जबाबदारीचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. ज्या मुलाच्या घरात एकच मोबाइल आहे आणि तोही कुणीतरी वापरून विकलेला, त्याला आपण नेमकी कसली जबाबदारी शिकवणार?

याची दोन उत्तरे मला सारखी ऐकू येतात. एक शाळेतून येते, दुसरे दुरुस्तीच्या दुकानातून. त्या दोन्ही भूमिकांना समोरासमोर बसवून हा संवाद लिहिला आहे. बोलणारी माणसे प्रातिनिधिक आहेत. मॅडम खामगावच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. भाऊंचे बाजारात रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळे दुरुस्त करण्याचे दुकान आहे आणि त्यांची मुलगी त्याच शाळेत नववीत आहे.

गोळा करून देणार कोणाला?

मॅडम : भाऊ, नववी-दहावीच्या मुलांकडून घराघरातला ई-कचरा गोळा करायचं ठरवतोय. जुने मोबाइल, चार्जर, रिमोट, सीएफएल बल्ब, फवारणी पंपाच्या बॅटऱ्या. तुम्ही येऊन मुलांशी बोलावं असं वाटतं.

भाऊ : येईन की. पण आधी सांगा, गोळा झालेलं ठेवणार कुठं आणि देणार कोणाला?

मॅडम : सरकारकडे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला.

भाऊ : दोन पोत्यांसाठी तो खामगावला गाडी पाठवील?

मॅडम : दोन पोत्यांसाठी नाही पाठवणार.

भाऊ : मग ती पोती जिन्याखाली पडून राहतील. हेडमास्तर बदलले की जागा पाहिजे म्हणून कुणीतरी भंगारात देईल. आज जे होतं तेच होईल, फक्त मधे तुमचा कार्यक्रम झालेला असेल. पोरं हुशार असतात, मॅडम. आपण आणलेल्या वस्तूचं काय झालं ते त्यांना कळतं. मग पुढच्या वेळी तुम्ही नीतीचं काहीही सांगा, ते ऐकतील आणि विसरतील.

मॅडम : हे मान्य आहे. म्हणून मी एका शाळेपुरता विचार करत नाही. तालुक्यातल्या शाळांनी वर्षातून एकच दिवस ठरवला, तर गाडी भरेल एवढा माल जमेल. पण तोवर शिकवायचंच नाही, हे मला पटत नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची आहे.

भाऊ : त्या ६ कोटी टनांत आमच्या पोरांचा वाटा किती? मोताळ्याच्या, संग्रामपूरच्या शेतमजुराच्या घरचं पोर बापाचा मोबाइल वापरतं. तो मोबाइल दोनदा माझ्याकडं येऊन गेलेला असतो. डिस्प्ले बदलला, चार्जिंग पिन बदलली, पुन्हा चालू. हे पोर जगातलं सगळ्यात कमी कचरा करणारं माणूस आहे आणि प्रवचन त्यालाच?

डिंक कोणी लावला?

मॅडम : मग तुमच्या मते जबाबदारी कोणाची?

भाऊ : हे बघा. हा जुना बटणांचा मोबाइल. नखानं झाकण उघडलं, बॅटरी काढली, नवी घातली, झालं. आता हा नवा. मागचं झाकण काचेचं, कडेनं डिंकानं चिकटवलेलं. हॉट गननं गरम करायचं, कडेला पातळ कार्ड सरकवायचं, हळूहळू फिरवायचं. जरा जोर झाला की काच तडकते. आत बॅटरी पुन्हा डिंकानंच बसवलेली. ती उपसताना वाकली, टोचली गेली तर पेट घेते. बॅटरी बदलायचा खर्च ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या, थोडे घालून नवाच घेतो. हा डिंक मी लावला नाही, त्या गिऱ्हाइकानं लावला नाही. ज्यानं लावला त्याला धडा शिकवा.

मॅडम : कायद्यानं शिकवायला घेतलाय. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू बाजारात आणणाऱ्यानंच तिच्या शेवटाची सोय करायची, हा त्यांचा गाभा आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के, असं पुनर्प्रक्रियेचं लक्ष्य उत्पादकांना ठरवून दिलंय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं.

भाऊ : आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला किलोमागं किमान २२ रुपये द्या म्हटल्यावर काही बड्या कंपन्या २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तेही सांगा पोरांना.

मॅडम : सांगणारच आहे. तुम्ही म्हणता कंपनीला धरा. पण कंपनीला धरायचं तर कायदा काय म्हणतो हे माहीत असलेला नागरिक लागतो आणि तो नववीतच घडतो. मी मुलांना चार्जर उलटा करून बघायला लावणार आहे. पाठीवर बारीक अक्षरांच्या गर्दीत चाकाच्या कचरापेटीचं चित्र असतं, त्यावर फुली मारलेली. ही वस्तू कचऱ्यात टाकू नका, एवढं कंपनी तिथं छापते. मग टाकायची कुठं, हे मुलांनी कंपनीला विचारायचं. हे प्रवचन नाही, हा हक्क आहे.

वर्गातला एक मुलगा

मॅडम : आणि धोका फक्त दूरच्या शहरांत आहे असं समजू नका. वायर जाळून तांबं काढणारी मुलं आपल्याकडच्या नाल्याकाठीही दिसतात. वायरीवरच्या पीव्हीसीच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात. शिसं तर मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच घाला घालतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही. कचऱ्यावर प्रक्रिया हा ज्याचा एक भाग आहे, अशा असंघटित उद्योगांत जगभरात १ कोटी ८० लाखांहून जास्त मुलं राबतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२१ मध्ये सांगितलं.

भाऊ : दिसत नाही ते विष पोरांना पटवणं अवघड असतं.

मॅडम : आपल्या जिल्ह्यात अवघड नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, तेव्हा आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं आली. संशोधक डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्याचा ई-कचऱ्याशी संबंध नाही. पण डोळ्यांना न दिसणारं एखादं मूलद्रव्य लांबून येऊन ताटात उतरू शकतं, ही शक्यता आपल्या मुलांनी घराजवळ चर्चिली जाताना ऐकली आहे. खारपाणपट्ट्यातली मुलं तर पाणी बिघडणं म्हणजे काय हे रोज पितात. त्यांना शिसं आणि पारा समजायला वेळ लागणार नाही.

भाऊ : मग तुम्ही त्यांना सांगणार की भंगारवाल्याला काही देऊ नका.

मॅडम : सगळी पत्रकं तेच सांगतात.

भाऊ : तुमच्या वर्गात भंगारवाल्याचं पोर बसतं, मॅडम. दरवर्षी एखादं तरी असतंच. त्याच्यासमोर तुम्ही फळ्यावर लिहिणार की याचा बाप जमिनीला विष पाजतो? तो माणूस गावोगाव फिरून माल आणतो. त्यानं आणलेल्या मेलेल्या टीव्हीतून मी सुटे भाग काढतो आणि दुसरा टीव्ही जिवंत करतो. दुरुस्तीची साखळी त्याच्यावर चालते. त्याला गुन्हेगार ठरवून कसली नीती शिकवणार?

मॅडम : नाही, हे चुकेल. मग वाक्यच बदलावं लागेल. कोणाला द्यावं यापेक्षा काय कधीच करू नये, हे शिकवलं पाहिजे. वायर जाळू नये. बोर्ड आम्लात बुडवू नये. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नये, त्यात पारा असतो. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये. हे नियम भंगारवाल्याच्या घरातही तितकेच कामाचे आहेत. ते पोर घरी जाऊन बापाला सांगू शकेल आणि मान खाली घालून नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते. या माणसांना बाजूला न सारताही व्यवस्था उभी राहते, हे त्यातून दिसतं.

भाव कशाला आहे, कशाला नाही

भाऊ : आता मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या पुस्तकात नसेल. फवारणी पंपाची शिशाची बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकत नाही. काहून? तिला भाव आहे. जुनी दिली की नवीवर पैसे कमी होतात. तांब्याची वायर कोणी टाकत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर कोणी टाकत नाही. शेताच्या कुंपणाला लावतात त्या झटका मशीनची बॅटरीही परत येते. पण सीएफएलला कोणी विचारत नाही, फुगलेल्या मोबाइल बॅटरीला विचारत नाही, रिमोटच्या सेलला विचारत नाही. जुन्या टीव्हीची काच तर भंगारवालाही दारात ठेवून जातो. ती जाते नाल्यात.

मॅडम : म्हणजे ज्याला भाव आहे ते आपोआप परत फिरतं.

भाऊ : आणि ज्याला भाव नाही त्यातच विष उरतं. तुमची पोरं तांबं गोळा करायला शिकली तर काय मोठंसं? ते त्यांना येतंच.

मॅडम : खामगावला तर हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चांदीचा बाजार आहे आपला. सोनारांच्या दुकानातली धूळसुद्धा झारेकरी विकत घेऊन धुतात, कारण तिच्यात धातूचे कण असतात. तिथं कोणाला नीती शिकवावी लागत नाही. टोकियो ऑलिंपिकची पदकं अशीच तयार झाली. जपाननं सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यात ६२ लाख मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी मिळाली. नीरज चोप्राच्या सुवर्णपदकातलं सोनं आणि त्याच्या आतली चांदी तिथूनच आली.

भाऊ : हे सांगताना जपा. मोबाइलमध्ये सोनं आहे म्हणालात की दोन पोरं संध्याकाळी आम्ल शोधत फिरतील. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत.

मॅडम : दहावीच्या 'धातुविज्ञान' पाठात आम्लराज आहेच. सोनं त्यात विरघळतं हे मी दरवर्षी शिकवते. यापुढे त्याच तासाला हेही शिकवावं लागेल की बोर्डावर ते ओतलं की कोणते वायू उठतात, उरलेलं पाणी कुठं जातं आणि कारखान्यात हेच काम बंदिस्त भट्टीत, धूर गाळून का करतात. सोनं किती मिळतं हे एकटं सांगणं धोक्याचं आहे. पण भाऊ, तुमच्याच बोलण्यातून मला माझा धडा सापडला. भाव संपतो तिथून जबाबदारी सुरू होते. ज्या वस्तूचे पैसे मिळतात तिची काळजी बाजार घेतो. जिचे मिळत नाहीत, तिच्यासाठी खर्च करावा लागतो. तो कोणी करायचा, हाच खरा नीतीचा प्रश्न आहे आणि उत्पादकावर जबाबदारी टाकणारा कायदा नेमका त्याच्यासाठी आहे.

ती खोली उघडा

भाऊ : मग सुरुवात शाळेपासूनच करा. वरच्या मजल्यावरची ती कुलूपबंद खोली उघडा.

मॅडम : संगणक कक्ष.

भाऊ : होता. आता गोदाम आहे. मी मागं स्पीकर दुरुस्त करायला आलो तेव्हा बघितली. भिंतीला लागून जाड पाठीचे मॉनिटर, तोंडं आत करून ठेवलेले. सीपीयूच्या डब्यांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले. यूपीएसच्या बॅटरीतून पाणी झिरपून खालचा पत्रा गंजलेला. एका कीबोर्डवर अजून प्लास्टिकचं आवरण होतं.

मॅडम : केंद्राची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. त्यातून माध्यमिक शाळांना संगणक मिळाले. येताना समारंभ होतो, जाण्याची वाट मात्र कोणी आखलेली नसते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते, म्हणून हात लावता येत नाही. निर्लेखन करायचं तर प्रस्ताव, समिती, मंजुरी आणि मग लिलाव.

भाऊ : लिलावात माल कोणाला मिळतो? जास्त बोली लावणाऱ्याला. आणि जास्त बोली कोण लावतो? ज्याला काच, शिसं, बॅटरी यांची नीट विल्हेवाट लावायचा खर्चच नाही, तो. नियमानं वागणारा तिथं हरणारच. एका जुन्या मॉनिटरच्या काचेत किलोच्या घरात शिसं असतं म्हणतात. तांब्याची गुंडाळी काढली की ती काच कुठं जाते हे मी आत्ताच सांगितलं.

मॅडम : हा निर्णय शिक्षकाच्या हातात नसतो, भाऊ. संस्था आहे, शिक्षणाधिकारी आहेत.

भाऊ : तुमच्या हातात नाही, मग पोरांच्या हातात काहून देता? पोरानं घरचा चार्जर आणायचा आणि शाळेनं चाळीस मॉनिटर लिलावात काढायचे?

मॅडम : नाही, तुमचं बरोबर आहे. या खोलीचाच धडा करते. मुलं यादी करतील. वस्तू, नंबर, कोणत्या वर्षी आली, चालू आहे का, दुरुस्त होईल का, आत घातक काय आहे. चालू होण्यासारखं काय ते तुम्ही बघा.

भाऊ : बघतो. जुना आहे म्हणून सगळं मेलेलं नसतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून चांगले संगणक लोक टाकायला निघाले. त्यांच्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकली तर मराठी टायपिंग शिकायला, इंटरनेट बघायला पुरून उरतात. केरळच्या शाळा तर त्याच्यावरच चालतात.

मॅडम : केरळचं आणखी एक. तिथं शाळांतला ई-कचरा उचलायला राज्याची स्वतःची 'क्लीन केरळ कंपनी' आहे. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारला देता येतं. आपल्याकडे नियम असा की वर्षात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणारी संस्था मोठी ग्राहक ठरते आणि तिनं नोंदणीकृत यंत्रणेलाच ई-कचरा द्यावा लागतो. एका शाळेत हजार उपकरणं नसतात. पण जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळा एकत्र मोजल्या तर? हा प्रश्न मुलांनी शिक्षणाधिकाऱ्यांना पत्रातून विचारावा. संविधानाच्या ५१-क कलमात पर्यावरण जपणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय. पत्र लिहिणं हा त्याचा सराव होईल.

भाऊ : अजून एक विचारून ठेवा. पुण्या-मुंबईचे लोक जुने संगणक दुरुस्त करून खेड्यातल्या शाळांना देतात. हेतू चांगला, पोरांचं भलंही होतं. पण दोन वर्षांनी ते मेल्यावर त्यांचा कचरा इथंच राहतो. देणाऱ्यानं परत न्यायचंही लिहून द्यावं.

मॅडम : अगदी याच मुद्द्यावर देशादेशांत भांडण झालं. वापरलेल्या वस्तूंच्या नावाखाली श्रीमंत देशांचा कचरा गरीब देशांत जायला लागला. १९८९ चा बाझल करार घातक कचऱ्याची ही वाहतूक रोखण्यासाठी होता आणि १ जानेवारी २०२५ पासून सगळाच ई-कचरा त्याच्या नियंत्रणाखाली आलाय. तुमचं वाक्य मी भूगोलाच्या सरांना देते.

जे मिटले नाही

भाऊ : एका गोष्टीत मी हलणार नाही. नवा मोबाइल घेणं पाप, असं पोरांच्या मनात भरू नका. शेतकऱ्याच्या घरात पहिला चांगला मोबाइल येतो तेव्हा पोरीचा अभ्यास सुरू होतो, बाजारभाव कळतो. तिला ओशाळं करू नका.

मॅडम : तिला नाही करणार. पण दहावीत टक्के चांगले पडले की चालू मोबाइल बाजूला ठेवून नवा मागणारी मुलंही माझ्याच वर्गात आहेत. गरज आणि हौस यातला फरक शाळेनं नाही सांगितला तर जाहिरात सांगेल. आणि आता शेतात सौर पंप आलेत. २०३४-३५ पर्यंत निकामी सौर पॅनेल उत्पादकांनी साठवून ठेवायचे, असं नियमात आहे. आज नववीत असलेलं पोर तेव्हा पंचविशीकडे आलेलं असेल. त्या पॅनेलांचं पुढं काय करायचं हे ठरवणारी पिढी माझ्यासमोर बसलीय. तिला मी आज काय सांगू, की हे तुझं काम नाही?

भाऊ : त्यांना सांगा, फक्त त्यांच्याच माथी मारू नका.

*

दोघांच्या बोलण्यातून मला जे पटले ते सांगतो. जबाबदारी ताकदीच्या प्रमाणात असते. सगळ्यात मोठी वस्तू घडवणाऱ्याची, मग कायदा राबवणाऱ्या सरकारची, मग शाळेसारख्या संस्थांची, मग घराची. मूल शेवटी येते. त्याच्याकडून दोन गोष्टी मागणे रास्त आहे. कोणाला इजा होईल असे काही करू नये आणि वरच्या प्रत्येकाला प्रश्न विचारावा. पहिली गोष्ट विज्ञानाच्या तासाला शिकवता येते. दुसरी तेव्हाच शिकवता येते, जेव्हा शाळा स्वतः उत्तर द्यायला उभी राहते.

भाऊंची भाव असलेल्या आणि नसलेल्या वस्तूंची विभागणी म्हणूनच मला मोलाची वाटते. मुलांची मोहीम किती किलो तांबे जमले यावर मोजू नये. सीएफएल, फुगलेल्या बॅटऱ्या, जुन्या पडद्यांची काच या नकोशा वस्तू सुरक्षित जागी ठेवल्या का आणि पुढे योग्य हाती गेल्या का, यावर मोजावी. जास्त आणेल त्याला बक्षीस, असे तर मुळीच ठेवू नये. नाहीतर घरातले चालू मोबाइल शाळेत येतील.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. या वर्षी ई-कचऱ्याचा तक्ता भिंतीवर लावण्याआधी मुख्याध्यापकांनी त्या खोलीचे कुलूप काढावे, मुलांनी केलेली यादी सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवावी आणि प्रत्येक यंत्राचे पुढे काय होणार, कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सांगावे. लिलावाच्या अटींत नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेची अट घालण्याचा ठराव शाळा व्यवस्थापनाने करावा, जरी त्यामुळे चार पैसे कमी आले तरी. एवढे ज्या शाळेला जमेल, तिलाच मुलांकडे त्यांच्या घरातला बंद पडलेला चार्जर मागण्याचा अधिकार आहे.